पन्नास नंबरचा डबा

“वाच,” बाबगोंडाअण्णा म्हणाले. “मोठ्यानं वाच. मागं हमाल बसल्यात, त्यांनाबी ऐकू जाऊ दे.”

मी वाचायला लागलो. स्वतःचा विनोद स्वतःच्याच तोंडानं, ज्याच्यावर तो केला त्याच्यासमोर उभं राहून वाचायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. शाहूपुरीतल्या गूळ बाजारातला सकाळचा सौदा माझ्यासाठी थांबवला होता. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या, चाळीसएक माणसं, दोन बैलगाड्या आणि मोजता न येणाऱ्या माशा, असा माझा श्रोतृवर्ग होता.

“‘आमच्या कोल्हापुरात एका देवाला चार चाकं आहेत. रंग तांबडा, छप्पर कापडी, बसायची जागा दोघांचीच. रोज सकाळी या देवाची काकडआरती होते. देव पाच मिनिटं गुरगुरतो, धूर सोडतो आणि परत झोपी जातो. वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्याची पालखी निघते. बाकीच्या देवांना भक्त वाहून नेतात. हा देव भक्ताला नेतो, पण दसरा चौकापर्यंतच. त्यापुढं नेल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.’”

हमालांतला एक जण फिसकन हसला. अण्णांनी मान वळवली, तसा तो खोकला.

“तू लिवलंस?”

“हो.”

“अक्षर बरं हाय,” अण्णा म्हणाले. छापील मजकुरावर याहून थंड शेरा मी ऐकलेला नाही.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या कार्तिकातली. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि ‘हलगी’ नावाच्या साप्ताहिकात ‘चिमटा’ नावाचं सदर लिहीत होतो. ‘चिमटा’ सोडला तर माझ्यापाशी बी.ए.ची पदवी आणि एक शबनम पिशवी होती, आणि त्यातली पिशवी जास्त उपयोगी पडत असे.

बाबगोंडा मगदूम हे गूळ बाजारातलं दांडगं नाव. वय सहासष्ट, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, आणि एक आवाज, जो त्यांनी कधी चढवला नाही, कारण तशी गरजच पडली नाही. अडतीचं दुकान टाकण्याआधी ते गुळव्या होते. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीशेजारी उभा राहून, उकळत्या रसाचा थेंब दोन बोटांत मळून, ‘आता उतरवा’ म्हणून सांगणारा माणूस. क्षणभर आधी उतरवलं तर काकवी, क्षणभर उशिरा तर करपलेला दगड. अण्णांचा अंदाज कधी चुकला नव्हता, असं लोक सांगत. निदान अण्णा तरी सांगत.

त्यांची ती तांबडी गाडी म्हणजे दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार. कुणा संस्थानिकाच्या तबेल्यातून सोळा वर्षांपूर्वी आलेली. गावात तिला ‘अण्णांची तांबडी’ म्हणत, जशी गाय असावी. दर सकाळी अण्णा अंगणात तिला चालू करत, शेजारी खुर्ची टाकून चहा पीत, आणि चहा संपला की गाडी बंद करत. इंजिन ‘तरुण’ राहावं म्हणून.

“येत्या रविवारी,” अण्णा म्हणाले, “तू नि मी पन्हाळ्याला जायचं. तांबडीतनं. वर पोचलो तर तुझा ‘चिमटा’ बंद. परत त्यातली एक ओळ छापायची न्हाई.”

थप्पीमागचे हमाल पुढं सरकले.

“आणि नाही पोचलो तर?”

“तर तिच्या जागी म्हैस बांधीन.”

ही साधी गोष्ट नव्हती. ज्या माणसाच्या अंगणात विलायती गाडी असते, त्याच अंगणात म्हैस उभी राहिली तर बाजारात काय काय बोललं गेलं असतं, ते मलाच लिहावं लागलं असतं.

“गाडी माझी, तेल माझं,” अण्णा पुढं म्हणाले. “पन्नास नंबरचं घालतो मी. काकवीगत दाट. बोटावरनं सुटत न्हाई. पातळ तेल काय, कुणीबी घालतंय.”

“कबूल,” मी म्हणालो. चाळीस माणसांसमोर दुसरं काही म्हणता येत नाही.

अण्णांनी पंचा झटकला आणि सौदा पुन्हा सुरू झाला. त्या काळी तिथले जुने व्यापारी अजून कापडाखाली सौदा करत. दोघांचे हात एका पंचाखाली, भाव बोटांनी दाबून सांगायचा. वरून बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसायचं. माझा सौदा मात्र उघड्यावर झाला होता.

शनिवारी दुपारी मी उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारच्या गॅरेजवर गेलो. कशाला गेलो ते खरं सांगतो. वाईट बातमी ऐकायला.

दस्तगीर मिस्त्री म्हणजे संस्थानच्या तलवारींना धार लावणाऱ्यांच्या घरातला माणूस. आजोबांनी तलवारी घासल्या, नातू इंजिनं घासत होता. पंचेचाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. तांबडीला सोळा वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. ती आताही तिथंच होती, पुढची चाकं उचललेली. शेजारी तेलाचा सीलबंद डबा. अण्णा तो ठेवून बाजारात गेले होते आणि चार वाजता परत येणार होते.

“मिस्त्री, गाडी कशी आहे?”

“गाडी झ्याक हाय, साहेब. औषध वाईट हाय.”

त्यानं इंजिनावरचं एक झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यापुढं धरलं. आत पांढरट, पिवळसर, दाट असं काहीतरी लागलेलं.

“काय हाय हे?”

“साय?” मी अंदाज केला.

“अण्णाबी हेच म्हणत्यात. ‘बघ दस्तगीर, कशी साय धरलीया!’ साय म्हशीच्या दुधावर शोभती, साहेब. तेलावर न्हवं. हे पाणी हाय.”

“पाणी कुठून आलं? गाडी तर पावसात कधी जात नाही.”

“त्या पाच मिंटांतनं आलं. इंजिन चालतंय, आत वाफ धरती. चांगलं तापलं तर ती उडून जाती. पर अण्णांचा चहा तेवढ्यात संपतो! इंजिन कोमट असताना बंद. वाफेचं झालं पाणी, पाणी गेलं तेलात. एक दिवस न्हाई, सोळा वर्षं.”

त्यानं डब्यावर बोट टकटक केलं. “आन् वरनं हे. सकाळच्या थंडीत ही काकवी कुठं वर चढणार? तेल तळात झोपलेलं, आन् वर लोखंडावर लोखंड घासतंय. ते डोळं चोळत वर येईस्तवर अण्णांनी चावी फिरवली. गाड्या पळून झिजत्यात. ही जागेवर उभी राहून झिजलीया.”

“पण काटा?” मी विचारलं. दसरा चौकात तेलाच्या दाबाचा तो काटा अण्णा सगळ्यांना दाखवत असत. “काटा तर टोकाला जातो म्हणे.”

“जाणारच. नवरात्रात अंबाबाईच्या दारात दाब किती असतोय? म्हणून काय सगळी आत पोचल्यात? दाब लई हाय म्हणजे वाट तुंबलीया.”

“अण्णांना सांगितलंत कधी?”

“दर साली सांगतो. ते म्हणत्यात, ‘नवव्या वर्षापास्नं रस आटवतोय मी. मला दाट-पातळ शिकवतोस व्हय?’”

मी शक्य तितका चिंतातुर चेहरा केला. “मग उद्याचं काय?”

“हेच तेल घातलं तर वाघबिळापातूर जाईल. पुढं घाट. चाळणी गाळानं भरलीया, दाट तेल त्यातनं वर येणार न्हाई. इंजिन धरणार.”

“धरणार म्हणजे?”

“जाम. संपलं.”

मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजायचं कबूल केलं. दस्तगीरनं मान हलवली, गॅरेजचं दार आतून ओढून घेतलं आणि गाडीखाली सरकला.

पुढचा दीड तास जे चाललं ते मी जुन्या टायरांच्या ढिगावर बसून पाहिलं. त्यानं खालून तेल सोडलं. ते पडत नव्हतं, उतरत होतं. मग तळाचं भांडं, ज्याला ते लोक चेंबर म्हणतात, ते खोललं. त्यात गाळ होता, खरवस कापावा तसा कापता येईल असा. त्यानं तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला, चाळणी रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासली, भोकंभोकं उजेडात धरून पाहिली. मग सगळं परत बसवलं, आणि कपाटातून दुसरा, लहान डबा काढला.

“हे वीस-चाळीस,” तो म्हणाला. “थंड असताना वीस नंबरागत पळतंय, तापलं की चाळीसागत अंग धरतंय. पाच मिंटांच्या गाडीला हेच पायजे. नरसाळं धरा जरा.”

मी नरसाळं धरलं. तेलाची सोनेरी धार आत जायला लागली. निम्मा डबा ओतून झाला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी हे नरसाळं ‘चिमट्या’च्या मयताला धरलं आहे. नरसाळं कललं. तेल पिशवीवर सांडलं.

“मिस्त्री, तुम्हाला आमची पैज माहीत आहे?”

“आख्ख्या गावाला ठाऊक हाय.”

“मग मी हे अण्णांना सांगितलं तर?”

दस्तगीरनं डबा खाली ठेवला, हात पुसले. रागावला वगैरे नाही.

“सांगा की. तुमचं तोंड हाय. अण्णा हे काढून त्यांचं घालत्याल. वाघबिळावर इंजिन धरंल. तुम्ही जिकाल.” मग त्यानं फळीवरून अर्धगोल आकाराची धातूची एक पाती घेतली आणि माझ्या हातात दिली. “मागल्या साली हिच्यातनं काढलेलं बेअरिंग. बोट फिरवा.”

मी बोट फिरवलं. आरशासारखं गुळगुळीत असायला हवं होतं ते. नखाला ओरखडे लागत होते, एकाशेजारी एक, वहीच्या ओळींसारखे.

“ह्यातली एकेक रेघ म्हणजे एकेक सकाळ,” दस्तगीर म्हणाला. “मी कामावर येताना मुद्दाम अण्णांच्या घरावरनं येतो. आवाज ऐकायला. चालू झाल्या झाल्या टकटक करती, तवा मला हितं लागतंय.” त्यानं छातीवर हात ठेवला, आणि तिथं तेलाचा पंजा उमटला. “नरसाळं सरळ धरा, साहेब.”

मी सरळ धरलं.

पन्नास नंबरचं तेल त्यानं एका पिंपात ओतून ठेवलं. कुणाच्या तरी विहिरीवरच्या इंजिनासाठी. रिकामा डबा गाडीशेजारी ऐटीत उभा केला. चार वाजता अण्णा आले. त्यांनी डबा पाहिला, दस्तगीरकडं पाहिलं आणि विचारलं, “सगळा गेला?”

“सगळा,” दस्तगीर म्हणाला.

रविवारी सकाळी आठला मी अण्णांच्या अंगणात हजर झालो. गल्ली भरली होती. अण्णांच्या पत्नी आक्काताई यांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि मलाही लावलं, बहुधा चुकून. दस्तगीर फाटकाशी उभा होता.

अण्णांनी बॉनेट उघडलं, तेल मोजायची दांडी ओढून काढली आणि तिच्या टोकाचं तेल अंगठा आणि तर्जनीत घेतलं. मळलं. एकदा, दोनदा. डोळे मिटले. बोटं सावकाश दूर केली, जवळ आणली.

दस्तगीर पलीकडच्या कडुलिंबाच्या झाडाकडं असा बघत होता, जणू त्याला आज नवीन फांदी फुटली होती.

“हं,” अण्णा म्हणाले. “उतरलीया.” आणि बोटं पंचाला पुसली.

गाडीत बसताना माझी पिशवी अण्णांच्या सीटवर होती. त्यांनी ती उचलली, क्षणभर हातात धरली, मागं टाकली.

“एकच पिशवी हाय व्हय तुला?”

“हो.”

“हं.”

तांबडी चालू झाली. एरवीची टकटक आली नाही. नुसता एक खोल, गोल आवाज. फाटकाशी दस्तगीरनं डोळे मिटून घेतले. लिंबं फुटली, पोरंटोरं ओरडली, आणि आम्ही निघालो. दसरा चौक आला आणि मागं पडला. तिथल्या पानवाल्यानं उठून नमस्कार केला. कुणाला ते कळलं नाही.

काटा मधोमध उभा होता. अण्णांनी काचेवर नख मारलं.

“काटा आज नरम हाय.”

“थंडी आहे ना,” मी म्हणालो.

“थंडीत तर ताठ असतोय.”

“मग... ऊन पडलंय म्हणून असेल.”

अण्णांनी काचेवर परत नख मारलं. पंचगंगेच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली. “काय सांगायचंय का?”

“नाही.”

केर्लीच्या अलीकडं गुऱ्हाळं लागली. चुलवाणाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास थेट गाडीत येत होता. अण्णांनी नाक वर केलं. “ह्याची काहील करपणार आज,” कुणाला तरी उद्देशून म्हणाले. आणि मग तसंच समोर बघत, “सांगायचंय का काय?”

“काही नाही, अण्णा.”

वाघबीळ आलं. इथून घाट. अण्णांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. वर, उन्हात, पन्हाळ्याचा तट दिसत होता.

“आता चढ,” ते म्हणाले. “वर पोचलो की तुझा ‘चिमटा’ संपला. माझा शब्द तू ऐकलायस, बाजारानं ऐकलाय. मग मागनं म्हणू नगंस. काय सांगायचं असंल तर आत्ता सांग.”

सांगायला तीन शब्द पुरले असते. तेल तुमचं नाही, एवढंच. अण्णा तिथंच गाडी फिरवतील, तेल बदलतील, आणि पुढच्या रविवारी मी जिंकलेला असेन. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण मी नेमका स्वतःच्या बोटाकडं बघत होतो. बेअरिंगच्या ओरखड्यांतला काळा रंग नखाखाली अजून तसाच होता, दोनदा साबण लावूनही.

“अण्णा,” मी म्हणालो, “इंजिन चालू आहे तोवर निघू या. थांबून राहिलं की झिजतं म्हणे.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग गिअर टाकला.

तांबडी घाट चढली. चढली म्हणजे काय, सोळा वर्षं बांधून ठेवलेलं वासरू सुटावं तशी सुटली. वळणावर अण्णांचा पंचा उडाला, तो मी धरला. दुसऱ्या वळणावर अण्णा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्याही चेहऱ्याला सवय नसावी, कारण हसू पुढची दोन वळणं तसंच राहिलं. वर नाक्यावरच्या शिपायानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “कुठनं ढकलत आणली?”

“तू गप पावती फाड,” अण्णा म्हणाले.

तटाजवळ एक बाई झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही विकत होती. आम्ही भिंतीवर बसलो. खाली उसाचे मळे, गुऱ्हाळांचे धूर, लांबवर कोल्हापूर. मी ‘चिमट्या’चा शेवटचा परिच्छेद मनात जुळवत होतो. काहीतरी भारदस्त हवं होतं आणि नेमकं तेच मला कधी जमत नसे.

“तेल कुठलं हाय?” अण्णांनी भाकरी मोडत विचारलं.

“पन्नास नंबर,” मी म्हणालो.

“पोतनीस, नवव्या वर्षापास्नं मी काहिलीतला रस बोटानं बघतोय. डोळं बांधून सांगतो, अजून किती कढ पायजेत. आन् ह्या बोटांना पन्नास नि चाळीस कळंना व्हय?”

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“मग तुम्ही... तिथंच काढून का नाही टाकलंत?”

“टाकणारच हुतो. तोंड उघडायचं म्हणून दस्तगीरकडं बघितलं. तर त्यो लिंबाकडं बघतोय. सोळा वर्षांत त्यानं माझी नजर कधी चुकवली न्हवती. म्हटलं, ज्यानं कधी खोटं केलं न्हाई त्यो आज खोटं करतोय, म्हणजे चूक माझीच मोठी असणार.” त्यांनी दह्यात बोट बुडवून चाटलं. “आंबट हाय. मग तुझी पिशवी उचलली, तर तिलाबी तेच तेल. म्हणजे लेखकालाबी ठाऊक! म्हटलं, बघू तरी, किती कळ काढतोय. तीनदा विचारलं तुला.”

“तीनदा,” मी म्हणालो.

“बोलला असतास तर तिथनंच मागं फिरवणार हुतो. गाडी न्हवं. तुला. चालत.”

वारा सुटला होता. अण्णांनी मडकं बाजूला सारलं. “आता हिशेब कर. गाडी वर आली, म्हणजे तू हरलास. पर माझ्या तेलावर न्हाई आली, म्हणजे मीबी हरलो. तुझं सदर बंद, माझ्या दारात म्हैस.”

“म्हैस नको,” मी म्हणालो. “आक्काताईंना त्रास.”

“हात दे.”

मी हात पुढं केला. त्यांनी त्यावर पंचा टाकला आणि खालून माझी बोटं धरली. त्यांची बोटं खरखरीत होती आणि विलक्षण हलकी. जणू मीच कढत होतो आणि ते बघत होते, उतरवायचा की नाही.

“कापडावरचं बाजाराचं, कापडाखालचं दोघांचं,” अण्णा म्हणाले. “गाडी पन्नास नंबरावर चढली, हे बाजारात मी सांगणार. दस्तगीरला कळता कामा न्हाई मला कळलंय ते. वाटू दे त्याला, म्हातारं फसलं. त्याशिवाय त्यो पुढच्या साली कसं घालंल ते तेल? ‘चिमटा’ बंद म्हणजे बंद, चारचौघांत बोललोय. पर दुसरं काय नाव ठेवलंस तर मी कोण अडवणार?”

एक बोट दाबलं गेलं. मी परत दाबलं. बाजाराच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो ते मला अजून ठाऊक नाही. एखाद्या वेळी मी नकळत चार मण गूळ घेतला असेन.

खाली आलो तेव्हा गल्लीनं गाडीवर गुलाल उधळला. दस्तगीर पुढं आला, बॉनेटवर हात ठेवून उष्णता पाहिली. लहान मुलाचा ताप बघतात तशी, फक्त इथं ताप असल्याचं समाधान होतं.

“बघितलास, दस्तगीर?” अण्णा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. “पन्नास नंबर!”

“तुमचं तेलच भारी, अण्णा,” दस्तगीर मान खाली घालून म्हणाला.

‘चिमटा’ त्या आठवड्यात बंद झाला. पुढच्या आठवड्यात ‘सांडशी’ सुरू झाली. ती एकतीस वर्षं चालली आणि तिच्यात अण्णांचा नंबर दर दसऱ्याला लागत असे. ते कात्रण कापून ठेवत आणि मला भेटल्यावर सांगत, अक्षर बरं हाय.

सकाळची आरती त्यांनी थांबवली. त्याऐवजी दर रविवारी पन्हाळा, जाऊन येऊन. बाजाराला कारण काय सांगितलं? “ह्या पोतनीसाची छाती कमजोर हाय. डाक्टरनं हवा सांगितलीया. बिचाऱ्याला कोण नेणार?” बाजारानं ते इतकं मनावर घेतलं की माझं लग्न दोन वर्षं लांबलं. झाकणाखालची साय मात्र परत कधी दिसली नाही.

अण्णा वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, ऐन हंगामात, दुपारचं जेवून, खुर्चीतच. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही पन्हाळ्यावर होतो आणि दही आंबट होतं.

सुतक फिटल्यावर मी दस्तगीरकडं गेलो. केस पांढरे झाले होते, कामं मुलं बघत होती, तो दारात खुर्ची टाकून बसलेला. मला वाटलं, कापडाखालचा सौदा आता सांगायला हरकत नाही. दोघांतला एक उरलाच नाही. म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. दांडी, बोटं, पिशवी, लिंबाचं झाड. अण्णांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे सांगितलं.

दस्तगीर चष्मा पुसत ऐकत होता.

“ठाऊक हाय,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पुढच्याच दसऱ्यापास्नं. अण्णा तेलाचा डबा घेऊन आले. तोच पन्नास नंबरचा. झाकण घट्ट, वर लाखेचं सील. ‘घे दस्तगीर, आपलं नेहमीचं,’ म्हणाले. मी हातात घेतला तर रिकामा. धुऊन, पुसून, उन्हात वाळवलेला. मग दर साली तसाच.”

“दर साली?”

“सतरा वर्षं.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार?” दस्तगीरनं चष्मा डोळ्यांवर चढवला. “दोन्ही हातांनी घ्यायचो. जड असल्यागत.”